पगार वाढतो तसं आयुष्यही वाढतं

आजारपणाचा विषय निघाला की आपण लगेच माणसाच्या सवयींवर घसरतो. तंबाखू सोड, चालायला जा, वेळेवर जेव. सल्ला बरोबरच असतो, पण तो पाळायला लागणारी सवड आणि पैसा ज्याच्याकडे नाही त्याला तो ऐकवत राहणं मला निर्दयपणाचं वाटतं.

रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते हे रोजंदारीवरच्या माणसालाही कळतं. तरी तो एक दिवसाआड घेतो, कारण पंधरा दिवसांची पाकिटं महिनाभर पुरवायची असतात. उपाशीपोटी रक्त द्यायला गेलं की एक खाडा, रिपोर्ट दाखवायला गेलं की दुसरा. मग तपासणी राहून जाते. पुढे अर्धांगवायूचा झटका आला की सगळे म्हणतात, स्वतःच हयगय केली.

आणि हे फक्त अगदी गरिबांचं दुखणं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास सुरू झाला, 'व्हाइटहॉल' नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यातले सगळे पक्क्या नोकरीतले, कुणीच उपाशी नाही, उपचार मोफत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. मधल्या श्रेणीतलेसुद्धा वरच्यांपेक्षा लवकर जात होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी बराचसा फरक शिल्लक राहिला. आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं, सतत कुणाच्या तरी हुकमाखाली असणं, हे वर्षानुवर्षं शरीरात मुरतं, असं मायकेल मार्मट यांच्यासारखे संशोधक तेव्हापासून सांगत आले आहेत.

अमेरिकेतल्या करनोंदींवरून २०१६ मध्ये आलेला आकडा तर मला अजून पचत नाही. सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुष सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांपेक्षा सरासरी १४.६ वर्षं जास्त जगतात.

मारक काय, विषमता की निव्वळ गरिबी, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विषमता वाढली की ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं ते पैसेवाले खासगी रुग्णालयात जातात, आणि मग सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या तुटवड्यावर ओरडायला कुणी उरत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आजारपणाची पगारी रजा रोजंदारीवरच्यालाही मिळावी, रोजची औषधं फुकट मिळावीत, आणि किमान वेतन ठरवणाऱ्या बैठकीत सार्वजनिक आरोग्याचा एक डॉक्टर मताच्या अधिकारासह बसावा.