कोटा कमी आहे म्हणून सीडिंग सोडू नका, निवडून करा

‘घरच्या नेटला कोटा आहे, म्हणून फाइल उतरली की टॉरेंट काढून टाकतो,’ असं बरेच मित्र सांगतात. (टॉरेंट म्हणजे फाइल एका सर्व्हरऐवजी ती ज्यांच्याकडे आहे त्या लोकांच्या संगणकांवरून घेणं. आपल्याकडची फाइल इतरांना देत राहणं म्हणजे सीडिंग, आणि देणारा तो सीडर.) अडचण खरी आहे. आपल्याकडे घरच्या कनेक्शनवर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून कोटा मोजला जाणं अगदी सर्रास आहे. फाइल एकदा घेतली आणि तेवढीच परत दिली, तर दुप्पट डेटा जातो. तरीही सीडिंग सरसकट बंद करणं मला पटत नाही. कोटा थोडा असेल तर तो अशा फाइलला द्यावा जी दुसरं कोणी देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जीव तोडून सांगतोय.

मी कायदेशीर फाइलींबद्दल बोलतोय. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली), लिबरऑफिस, किविक्स या ॲपची ऑफलाइन विकिपीडिया, इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयातली कॉपीराइट संपलेली पुस्तकं. (आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक मुक्त होतं.) नव्या मराठी सिनेमाचं टॉरेंट फिरवणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. आधीच थिएटर मिळवताना मेटाकुटीला आलेल्या निर्मात्याच्या पोटावर तो पाय आहे.

आता हिशोब. उबुंटू या लिनक्सच्या नव्या आवृत्तीची आयएसओ साधारण 6 जीबीची. तिला जगभर भरपूर सीडर असतात. तुम्ही रेशो 1 झाल्यावर, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं परत दिल्यावर, थांबलात तर कोणाचंच अडत नाही, त्यामुळे तिथे बिनधास्त थांबा. मराठी विकिपीडियाची किविक्स फाइल किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचं स्कॅन असेल तर गोष्ट वेगळी. सीडरच्या रकान्यात 1 किंवा 0 दिसतो. तिथे तुमचं एक मशीन चालू असण्यानसण्यावर सगळं अवलंबून असतं.

‘आर्काइव्हचा सर्व्हर आहे ना, मग आपण कशाला?’ असं कोणी विचारेल. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबर हल्ल्यानंतर तोच सर्व्हर काही दिवस बंद होता. संशोधन करणाऱ्या, जुनी पुस्तकं शोधणाऱ्या किती मराठी माणसांचं काम तेव्हा खोळंबलं असेल! एखाद्या पुस्तकाची पूर्ण प्रत पाच-दहा घरांत सीड होत असती आणि डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय एकमेकांना शोधण्याची टॉरेंटची सोय) चालू असतं, तर टॉरेंट हाताशी असलेल्याला ते पुस्तक तेव्हाही मिळालं असतं.

मग मर्यादा कशी घालायची? इथे बहुतेकांची गल्लत होते ती एककात. प्लॅन एमबीपीएसमध्ये विकला जातो, म्हणजे मेगाबिट. टॉरेंटच्या सेटिंगमध्ये आकडा किलोबाइटचा असतो. 1 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 125 किलोबाइट. 100 हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, पण अपलोड चोवीस तास त्या वेगाने चाललं तर दिवसाला 8.64 जीबी आणि महिन्याला जवळजवळ 260 जीबी होतं. 30 ठेवलं तर महिन्याला 78 जीबीच्या आसपास. आधी ठरवा की महिन्याला किती जीबी द्यायचे, आणि त्यावरून वेग काढा. उलटं करू नका.

क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये पर्यायी वेगमर्यादा वेळापत्रकाला जोडता येते, ट्रान्समिशन या दुसऱ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी कासवाचं बटण आहे. रात्री 12 ते 6 या वेळेत सेकंदाला 200 केबीने दिलं तर महिन्याला 130 जीबी जातात, आणि दिवसा मुलांचा क्लास, कोणाची ऑफिस मीटिंग, कशालाच धक्का लागत नाही. बीएसएनएलच्या काही जुन्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये पहाटे 2 ते सकाळी 8 हा वेळ कोट्यात धरला जात नसे. सीडिंगसाठी त्याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. अशी रात्रीची मोकळीक प्रत्येक कंपनीने द्यायला हवी. रात्री लाइन मोकळीच असते, त्यात कंपनीचं फारसं काय जातं?

कोटा कमी असलेल्यांनी टॉरेंटची आणखी एक बाजू बघावी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, राउटर बंद पडतो. ब्राउझरमधून चाललेलं 6 जीबीचं डाउनलोड 5 जीबीवर तुटलं आणि पहिल्यापासून सुरू झालं, तर ते 5 जीबी पाण्यात गेले. टॉरेंटमध्ये फाइल तुकड्यातुकड्याने येते, प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि वीज आल्यावर काम जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. त्यामुळे कोटा वाचवण्यासाठीसुद्धा मोठी फाइल टॉरेंटनेच घ्यावी, असं मला वाटतं.

घरातल्या घरात फाइल पाठवायला मात्र नेट वापरूच नका. लग्नाचं 20 जीबीचं शूटिंग मुलाच्या लॅपटॉपवरून ड्राइव्हवर चढतं, मग आई तेच तिच्या फोनवर उतरवते. दोघं एकाच खोलीत बसलेले असतात आणि 40 जीबी संपलेले असतात. लोकलसेंड, क्विक शेअर यांसारखी ॲप किंवा साधी शेअर्ड फोल्डर वापरली तर फाइल राउटरच्या बाहेर जात नाही. पेनड्राइव्हही अजून चालतो. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे, ती चालू असेल आणि इंटरनेटवरच्या संगणकांना परवानगी असेल तर अपडेटचे तुकडे बाहेर अनोळखी संगणकांना जातात. तिथे महिन्याची अपलोड मर्यादा जीबीत टाकता येते. क्यूबिटटॉरेंटमध्ये अशी थेट मासिक मर्यादा यायला हवी.

आणि कंपन्यांबद्दल. दूरसंचार नियामक ट्रायने 2016 मध्ये सांगितलं की फिक्स्ड ब्रॉडबँडवर कोटा संपल्यावरही वेग 512 केबीपीएसच्या खाली नेऊ नये, आणि कोटा संपत आल्याची सूचना ग्राहकाला मिळावी. हे चांगलंच झालं. पण ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक फायबर प्लॅनच्या अटींत महिन्याला 3300 जीबीची रेघ असते, आणि अपलोड त्यात धरलंय का हे जाहिरातीत शोधून सापडत नाही. घरातून काही देणाऱ्या माणसाला ते मोठ्या अक्षरात कळलं पाहिजे. तोवर ग्राहक सेवेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तुमच्याकडे सीडर 0 किंवा 1 असलेलं, कॉपीराइट संपलेलं मराठी स्कॅन असेल, तर कमेंटमध्ये त्याचं नाव आणि आकार लिहा. माझ्या रात्रीच्या वेळेत अजून जागा आहे. 2 जीबीच्या आतल्या फाइली आधी घेईन.