हेलियम, विजयदुर्ग आणि सूर्याची पिवळी रेषा

दर ऑगस्टमध्ये एक मजकूर आमच्या पुण्यातील खगोलप्रेमींमध्येही फिरू लागतो: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला आणि ग्रहण नसते तर तो सापडलाच नसता. यात ग्रहणाची तारीख तेवढी बरोबर आहे.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भारतात, गुंटूरला, ग्रहण पाहत होते ते फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन.

ग्रहणाची अटही खरी नाही. सौरज्वालांच्या, म्हणजे सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या तप्त वायूंच्या, वर्णपटातील (रंगांत विभागलेल्या प्रकाशातील) तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही दिसतात, हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी पडताळले आणि लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे साधले. आकाशाचा उजेड वर्णपटात सर्व रंगांत पसरून फिका पडतो, तर ज्वालेचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला असल्याने उठून दिसतो.

‘रेषा दिसली, मूलद्रव्य सापडले’ हे तर सर्वांत दिशाभूल करणारे विधान आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक तरंगलांबीवर येतात. सोडियमची पिवळी जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येते, तर ज्वालांत दिसलेली, पुढे हेलियमची ठरलेली नवी पिवळी रेषा ५८७.६ वर, एवढ्याशा फरकामुळे ग्रहणाच्या वेळी तिला सोडियमचीच समजण्यात आले होते. फरक मोजला गेल्यावरही प्रयोगशाळेत ती कोणत्याच ज्ञात पदार्थातून मिळेना, म्हणून अनेकांना शंका होती. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली, तेव्हा कुठे वाद मिटला. शिवाय सूर्याच्या वस्तुमानात सुमारे चतुर्थांश हेलियम असूनही पृष्ठभागाच्या नेहमीच्या वर्णपटात त्याच्या रेषा जवळपास उमटत नाहीत, कारण त्याचे अणू पुरेसे उत्तेजित व्हायला (वरच्या ऊर्जापातळीवर जायला) तेथील सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमान अपुरे पडते. रेषांची तीव्रता अशी तापमानावरही अवलंबून असते, आणि हे गणित भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाने मांडता आले. रेषा नाही म्हणजे पदार्थ नाही, असे म्हणता येत नाही.

मग विजयदुर्ग आला कुठून? लॉकियर तेथे खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. बहुधा या दोन ग्रहणांचीच गल्लत झाली असावी. विजयदुर्गाचा मान त्या मोहिमेसाठी जरूर सांगावा. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकून सूर्याचे वर्णपट टिपले होते, आणि त्यांचे नाव मात्र या मजकुरात कधीच नसते.