थंडीत लॉन मोअर ठेवण्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती. रागाच्या भरात काही लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो. आता सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, थंडीभर बंद ठेवायचा असेल तर टाकीतलं पेट्रोल काढा किंवा त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू न देणारं द्रव्य) घाला, ऑइल बदला, ठिणगी पाडणारा प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि खालचं गवत खरवडून काढा, असं मी लेखात सांगितलं होतं. यावर तुम्ही म्हणता, तुमचं मशीन दरवर्षी पेट्रोलसकट कोपऱ्यात पडून असतं आणि थंडी सरल्यावर दहाबारा वेळा दोरी ओढली की सुरू होतं. रिकाम्या टाकीला गंज धरतो. ऑइल नंतरही बदलता येतं. आणि शेवटचं वाक्य असं: ‘हे सगळं पुस्तकी ज्ञान आहे, लेखकाच्या हाताला कधी ग्रीस लागलेलं दिसत नाही.’

गंजाचा मुद्दा बरोबर आहे, तो मोकळेपणाने मान्य करतो. टाकी पत्र्याची असेल तर रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी धरतं आणि आतून गंज चढतो. अशा टाकीत ताजं पेट्रोल आणि स्टॅबिलायझर घालून ती जवळजवळ भरून ठेवणंच चांगलं. पण हल्लीच्या ढकलायच्या मोअरना बहुतेक प्लास्टिकची टाकी असते. तिला गंज कुठून धरणार?

आता ग्रीसचं. लहान इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी उमेदीची वर्षं काढली आहेत. थंडी संपली की तिथे मोअरची रांग लागायची, आणि तक्रार एकच: ‘ठेवताना चांगला चालत होता, आता सुरूच होत नाही.’ कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) खालची वाटी सोडवली की तळाशी तपकिरी, चिकट थर दिसायचा. त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास यायचा. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असायची. पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा जेट काढून उजेडासमोर धरला तर त्याच्या बारीक भोकातून पलीकडचा उजेड दिसायचा नाही. तो क्लीनरमध्ये बुडवायचा, हवेने फुंकायचा, पुन्हा उजेडाकडे धरून बघायचा. तार घालायची नाही, कारण पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या क्लीनरने बोटांची सालं निघायची.

तेव्हा माझं म्हणणं पटलं नाही तर तसं खुशाल सांगा, पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याच्या हातांबद्दल बोलू नका. ‘मला पटत नाही’ एवढं लिहिलं असतंत तरी मी तेवढ्याच आस्थेने उत्तर दिलं असतं. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे थोडे आणि माझी पात्रता काढणं जास्त आहे, याचं वाईट वाटलं.

तुमचं मशीन सुरू होतं यावर माझा विश्वास आहे. पण दहाबारा वेळा दोरी ओढावी लागते हे तुम्हीच लिहिलंय. धडधाकट इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला पकडायला हवं. पेट्रोल साधारण 30 दिवसांनंतर बिघडू लागतं. चटकन पेट घेणारे हलके घटक आधी उडून जातात, म्हणून जुन्या पेट्रोलवर थंड इंजिन पकडत नाही. मागे राहतं ते हळूहळू चिकट होत जातं. त्यात 10 टक्के इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी पुरेसं साठलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. कार्ब्युरेटर पहिल्यांदा नेमकं तेच तळाचं ओढतो. तुमच्याकडची थंडी छोटी असेल किंवा पेट्रोल बिनइथेनॉलचं असेल, तर तुमचं आजवर निभावलं असेल. पण तेवढ्यावर दुसऱ्यांना ‘काही करू नका’ असं सांगता येत नाही.

स्टॅबिलायझरबद्दल एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती खूप जण चुकतात. नुसतं टाकीत ओतून भागत नाही. ते ताज्या पेट्रोलमध्ये घालायचं आणि इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. बिघडलेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. टाकी रिकामी करणार असाल तर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीच्या तळाला बोल्ट असेल तर तोही सोडवून उरलेलं काढा. हे सगळं उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या गॅस गीझरच्या ज्योतीपर्यंतही पोचते.

ऑइल हंगामाच्या सुरुवातीला बदला, जग बुडणार नाही. मी आधी बदलतो, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो आणि तो महिनोन्‌महिने बेअरिंगला चिकटून राहावा असं मला वाटत नाही. बाकीच्या बारीकसारीक मुद्द्यांत शिरत नाही.

फक्त एक सोडून. ‘मोअर आडवा करायचा आणि पातं हाताने फिरवत गवत काढायचं, प्लग-बिग काही बघायची गरज नाही’ असं तुम्ही लिहिलं होतं. पातं थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर, बसलेलं असतं. ते फिरवलं की इंजिन फिरतं, आणि फ्लायव्हीलच्या (त्याच दांड्यावरच्या जड चाकाच्या) चुंबकामुळे बॅटरी नसतानाही ठिणगी पडू शकते. आधी प्लगची वायर काढून बाजूला करायची, मग एअर फिल्टरची बाजू वर ठेवून मोअर कलता करायचा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. हातात जाड मोजे घालायचे आणि त्यानंतरच पात्याला हात लावायचा. तुमच्या प्रतिक्रियेतलं तेवढं वाक्य मी काढून टाकलं आहे. बाकीची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, ग्रीसच्या वाक्यासकट.