गाण्याचा सातबारा

परवा भाच्याच्या गाडीत स्वीडनच्या अविची या डीजेचे ‘लेव्हल्स’ हे गाणे वाजत होते. त्यात मध्येच एका बाईचा जोरकस, किंचित खरखरीत आवाज येतो आणि दोन-चार ओळी गाऊन नाहीसा होतो. तो कुणाचा, असे मी विचारले, तर संगणकावर तयार केलेला असावा, असे त्याचे मत पडले. तो आवाज एटा जेम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायिकेचा आहे आणि तो तुकडा तिच्या १९६२ सालच्या ‘समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी’ या गाण्यातला आहे. त्या दिवसापासून मी पुन्हा तिच्या गाण्यांत अडकलो आहे. गाणे कुणाचे, ज्याच्या नावावर कागद आहे त्याचे की ज्याच्या गळ्यात ते बसले आहे त्याचे, हा प्रश्न या एका बाईच्या आयुष्यात जितक्या वेळा उभा राहिला, तितका क्वचितच कुणाच्या राहिला असेल.

तिचे मूळ नाव जेमसेटा हॉकिन्स. जन्म २५ जानेवारी १९३८, लॉस एंजेलिस. आई डोरोथी तेव्हा १४ वर्षांची होती आणि वडील कोण, हे एटाला कधीच खात्रीने कळले नाही. पाचव्या वर्षी ती चर्चमध्ये गाऊ लागली. तिथले गुरुजी जेम्स अर्ल हाइन्स सूर पोटातून यावा म्हणून गाताना तिच्या छातीवर ठोसे मारत. घरी सांभाळणारा माणूस मध्यरात्री पत्त्यांचा डाव रंगात आला की या लेकराला झोपेतून उठवून, मारून, मित्रांपुढे गायला लावी. फर्माइशीवर गाणे तिला पुढे आयुष्यभर खटकत राहिले, याचे मला नवल वाटत नाही.

सोळाव्या वर्षी सान फ्रान्सिस्कोत जॉनी ओटिस या बँडप्रमुखाने तिचे गाणे ऐकले. आईची परवानगी हवी होती, तेव्हा तिने आईच्या नावाची चिठ्ठी स्वतःच लिहिली आणि थेट लॉस एंजेलिस गाठले. ओटिसने जेमसेटा हे नाव फोडून उलटे केले आणि एटा जेम्स तयार झाली. रेकॉर्ड काढली बिहारी बंधूंच्या मॉडर्न कंपनीने. (आडनाव वाचून दचकू नये, ते हंगेरियन ज्यू कुटुंब होते.) ‘रोल विथ मी हेन्री’ हे शीर्षक त्या काळाला फारच चावट वाटल्यामुळे ते ‘द वॉलफ्लॉवर’ नावाने बाजारात आले आणि १९५५ साली कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. लगोलग जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने तेच गाणे धुऊन-पुसून ‘डान्स विथ मी हेन्री’ म्हणून गायले आणि पॉप संगीताच्या मोठ्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. दूरचित्रवाणीवर गिब्ज झळकत होती आणि एटा तेच गाणे लहानसहान क्लबांतून गात हिंडत होती. त्या काळी ही सर्रास चालणारी रीत होती, पण रीत होती म्हणून तो अन्याय नव्हता, असे मी म्हणणार नाही.

१९६० साली ती शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीत आली आणि तिथे उलटा प्रकार घडला. ‘अ‍ॅट लास्ट’ हे मॅक गॉर्डन आणि हॅरी वॉरन यांनी १९४१ साली लिहिलेले, ग्लेन मिलरच्या गोऱ्या नृत्यवाद्यवृंदाचे गाणे. संगीत-संयोजक रायली हॅम्प्टनने बांधलेल्या व्हायोलिनांवर एटाने ते असे काही गायले की आज अमेरिकेत लग्नाच्या पहिल्या नाचाला ते लावणाऱ्यांना मिलर आठवतही नाही. गंमत म्हणजे त्या वेळी ते पॉप यादीत ४७व्या क्रमांकापुढे सरकलेच नव्हते.

तरीही माझ्या मते ती खरी सापडते १९६७ साली अलाबामातल्या मसल शोल्समध्ये, रिक हॉलच्या फेम स्टुडिओत. ती गरोदर होती आणि हेरॉइनच्या व्यसनाने पोखरली होती. ‘टेल मामा’ या क्लॅरेन्स कार्टरच्या मूळ गाण्यावर रेकॉर्ड खपली, पण तिला स्वतःला ते फारसे आवडत नसे. त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आयड रादर गो ब्लाइंड’ आहे. जेमतेम अडीच मिनिटे, केवळ दोन कॉर्ड्‌स, मागे संथ ऑर्गन. प्रियकराला दुसरीशी बोलताना पाहिले आणि सगळे संपल्याचे कळले, एवढाच मजकूर. ती सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी करते, आवाज राखून ठेवते, आणि पुढे एखादा शब्द असा फाटत वर नेते की तो मुद्दाम फाडला की फाटला, हे दहा वेळा ऐकूनही मला ठरवता आलेले नाही. ते प्रथम ऐकताना चेस कंपनीचा मालक लेनर्ड चेस रडत खोलीबाहेर गेला, असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. गाण्याची कल्पना तुरुंगातल्या तिच्या एलिंग्टन जॉर्डन या मित्राची, पुरे केले तिने, आणि कराच्या भानगडीमुळे श्रेयात नाव लागले तिच्या तेव्हाच्या जोडीदाराचे. स्वतःच्या सर्वोत्तम गाण्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, आणि ते तिने स्वतःच्याच हाताने सोडले.

व्यसनाची वर्षे मी येथे उगाळत बसणार नाही. १९७२ साली हेरॉइनप्रकरणी तिला आणि नवरा आर्टिस मिल्सला अटक झाली, त्याने दोष स्वतःवर घेतला आणि दहा वर्षे तुरुंगात काढली, हे मात्र सांगायला हवे. पहिला ग्रॅमी तिला १९९५ साली मिळाला, तोही बिली हॉलिडे या दुसऱ्या गायिकेची गाणी गाण्यासाठी!

२००९ च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीनंतरच्या समारंभात बियॉन्से या गायिकेने ‘अ‍ॅट लास्ट’ गायले, तेव्हा आपले गाणे दुसरीने गायले म्हणून एटा भर कार्यक्रमात तिच्यावर घसरली आणि पुढे तो विनोद होता, अशी सारवासारव झाली. लोकांनी तिला खडूस म्हटले. मला तो राग रास्त वाटतो. कागदोपत्री ते गाणे तिचे कधीच नव्हते, हे खरे, पण गिब्जने १९५५ साली जे नेले, त्याचा हिशेब ती ७१व्या वर्षी चुकीच्या खिडकीवर मागत होती.

‘लेव्हल्स’ २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आले. एटा तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. २० जानेवारी २०१२ रोजी ती गेली. तिला नाव देणारा जॉनी ओटिस तिच्या आधी तीनच दिवस गेला होता. अंत्यविधीत क्रिस्टिना अ‍ॅग्विलेराने ‘अ‍ॅट लास्ट’ गायले. मला विचाराल, तर तिथे रेकॉर्डची मागची बाजू वाजायला हवी होती, पण अशा ठिकाणी फर्माइश करण्याची सोय नसते.