बाळंतिणींबद्दलही लिहायला हवं होतं

पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांवरच्या तुमच्या लेखात कारणं म्हणून उतारवय आणि लांबचा विमानप्रवास यांवर भर दिलाय. तो बरोबरच आहे, पण आमच्या कोकणात विमानापेक्षा गणपतीची एसटी महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलंय की ४ तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की रेल्वे. मुंबईहून कणकवली-सावंतवाडीला येताना वाटेत उतरून चार पावलं चालायलाच हवं.

मला जास्त काळजी बाळंतिणींची वाटते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत गुठळीचा धोका खूप वाढतो, सिझेरियन झालं असेल तर आणखी. आणि नेमकं तेव्हाच आपण तिला "उठू नको गो" म्हणून निजवून ठेवतो! पावसाळ्यात खळ्यातल्या शेवाळावर घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आज्यांचंही तेच. ऑपरेशननंतर डॉक्टर चालवायला सांगतात, घरचे मायेपोटी झोपवतात. कॅन्सरचे रुग्ण आणि काही गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकाही यात आल्या.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर कृपा करून तेल लावून चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गुठळी आहे का, ते डॉप्लर सोनोग्राफीत (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) कळतं, त्यात सुईसुद्धा टोचत नाहीत. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.