कर्म माझं!

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका, सगळं तिथंच. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फेडोरा नावाची ऑपरेटिंग सिस्टीम. फुकट मिळतं म्हणून घेतलं आणि फुकटाची लाज वाटून टेस्टर झालो.

हे काम काकांना समजावण्यात एक दुपार गेली.

"सॉफ्टवेअर लिहिनारा एक, काका. त्याचं पुडकं बांधून फेडोरात टाकनारा दुसरा. अन् ते पुडकं घरोघरी जायच्या आधी चाखून पाहनारा तिसरा, तो मी."

"म्हंजे पंगतीच्या आधी वरनात मीठ पाहनारा?"

"बराबर."

"तो रोडगे तरी खाते. तुले काय भेट्टे?"

"कर्म."

थट्टा नव्हे. फेडोरात अपडेट तपासायच्या व्यवस्थेचं नावच बोधी. पॅकेज, म्हणजे ते पुडकं, नीट चाललं तर +१ कर्म द्यायचं, बिघडलं तर -१. बेरीज ठरल्या आकड्याला पोचली की पॅकेज सगळ्यांसाठी सुटतं. आणि हे कर्मही मला मिळत नाही, मीच ते पॅकेजला देतो. एवढं ऐकल्यावर काकांनी कपाळावर हात मारला. "कर्म माझं!"

फेडोराची नवी आवृत्ती साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरात येते. एप्रिलात आमच्याकडे लग्नसराई, ४४ अंश आणि लाईनचा लपंडाव. ऑक्टोबरात कापूस वेचायची घाई. वेळापत्रक आखणाऱ्यानं यवतमाळ जिल्हा पाहिलेला नसावा.

यंदा एप्रिलात लग्नपत्रिका मांडायच्या एका पॅकेजची नवी आवृत्ती चाखायला घेतली. काकांच्याच पोरीची पत्रिका उघडली, तर 'वऱ्हाडी मंडळी'तला र पाय मोडून बसलेला आणि ह त्याच्याकडे पाठ करून उभा. वऱ्हाडात बसून वऱ्हाड लिहिता येईना! लगेच -१ ठोकला.

पण नुसतं 'बिघडलं' म्हणून भागत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कोणती, सगळं क्रमानं लिहावं लागतं. आमच्या गावात ही पद्धतच नाही. मोटर जळाली की माणूस एवढंच सांगतो, "काईच नाई केलं, आपोआप बंद पडली." मीही पहिल्यांदा तेच लिहिलं होतं.

पुडकं बांधणारा कुठल्या तरी थंड देशातला, फार नम्र. त्यानं विचारलं, र वर रफार होऊन चढला तर चालणार नाही का? मी लिहिलं, 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर विद्वान येतात, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाक होतो. लग्नात दुसऱ्यांची गरज जास्त. हे त्याला पटलं.

मग दोन रात्री डोकं फोडल्यावर खरा घोळ सापडला. हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ एकात असतो. दुसऱ्यात साधा ०९३० चा र, हलंत आणि मागं एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. माझ्या जुन्या पत्रिका दुसऱ्या तऱ्हेच्या, आणि नव्या पॅकेजला फक्त पहिली तऱ्हा कळत होती. जुळ्या भावांपैकी एकालाच जावई मानावं, तशातली गत.

दुरुस्त पॅकेज आलं त्या रात्री लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची. रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकलं की. टाकीला टेकून, डास मारत मारत डाउनलोड केलं. शेवटच्या चार मिनिटांत पत्रिका उघडली. वऱ्हाड! ऱ आडवा, ऐटीत, ह ला बिलगलेला. +१ दिलं आणि स्क्रीन काळा पडला.

सकाळी लाईन आल्याबरोबर पत्रिका छापल्या, पाचशे. काका आले. मी बोट ठेवून तो ऱ दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पत्रिका लांब धरली, जवळ धरली.

"ऱ बराबर आहे, लेका," काका म्हणाले. "पन लगन बुधवारी हाय. हे मंगळवार कोनं टाकलं?"

"काईच नाई केलं, काका," माझ्या तोंडून गेलं. "आपोआप झालं."