फोर-के ॲनिमेशन ‘सरळ एच.२६५ मध्ये’ काढू नका

नाशिकमधल्या मोशन ग्राफिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : “फोर-के ॲनिमेशन सरळ एच.२६५ एमपी४ मध्ये रेंडर करा. साइज निम्मी, क्वालिटी तीच. पट्टे दिसले तर बिटरेट वाढवा. प्रोरेस, पीएनजी सिक्वेन्स म्हणजे हार्ड डिस्कची नासाडी.” (एच.२६५ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा. पट्टे म्हणजे सलग रंगछटेत दिसणाऱ्या पायऱ्या. प्रोरेस ही एडिटिंगसाठीची, कमी दाबलेली मोठी फाइल, तर पीएनजी सिक्वेन्स म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र.) सिंहस्थाच्या निमित्ताने एलईडी वॉलची कामं नव्या मुलांच्या हाती येताहेत आणि ती हे डोळे झाकून पाळताहेत, याची मला काळजी वाटते.

‘साइज निम्मी, क्वालिटी तीच’ हे अर्धंच खरं. २०१३चा एच.२६५ हा २००३च्या एच.२६४च्या साधारण निम्म्या बिटरेटमध्ये डोळ्यांना तितकंच चांगलं चित्र देतो. पण ते शेवटच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना. ज्या फाइलवर अजून रंग बदलायचेत, नावं टाकायचीत, तिच्यातली बरीच माहिती आधीच गेलेली असते. नेहमीच्या ४:२:० सेटिंगमध्ये तर रंगाची माहिती पाव पिक्सेलांपुरतीच उरते. निळ्यावर भगवी बारीक अक्षरं ठेवून पाहा, कडा फिसकटलेल्या दिसतील.

पट्ट्यांचं मात्र नीट समजून घ्या. समजा, रामकुंडावरची पहाट केलीय. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. पहाटेचं गडद आकाश त्यातल्या २० ते ८० एवढ्यातच फिरतं, म्हणजे ६० पायऱ्या. फोर-के पडद्याच्या उंचीत २१६० ओळी. एकेक पट्टा ३६ ओळींचा झाला, तो दिसणारच. बिटरेट दुप्पट करा, चौपट करा, पायऱ्या ६०च राहणार. १० बिटमध्ये छटा १०२४, म्हणजे पट्टा नऊ ओळींवर येतो. एच.२६५ मध्येही १० बिट मिळतं, पण ते मुद्दाम निवडावं लागतं. आणि मूळ प्रोजेक्टच ८ बिटवर असेल तर कुठलाही कोडेक काही करू शकत नाही. आधी प्रोजेक्ट १६ बिटवर न्या, आकाशात हलका ग्रेन (बारीक दाणेदारपणा) मिसळा.

नासाडीचा हिशोब करू. फोर-के, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू : मिनिटाला साधारण साडेपाच जीबी. तासन्‌तास चालणाऱ्या लग्नाच्या शूटिंगला हे जड आहे, कबूल. आपला वॉलवर पुन्हापुन्हा चालणारा लूप दोन मिनिटांचा, म्हणजे ११ जीबी. एवढ्यासाठी मास्टर (जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात ती मूळ फाइल) खराब करायचा?

थेट एमपी४ रेंडर करताना मध्येच लाइट गेली तर बहुतेक वेळा फाइल उघडतच नाही, कारण तिचा इंडेक्स (कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी) शेवटी लिहिला जातो. पीएनजी सिक्वेन्समध्ये ८१२व्या फ्रेमला थांबलं तर ८१२पासून पुढे चालू करता येतं. पारदर्शक लोगो हवा असेल तरी पीएनजी किंवा प्रोरेस ४४४४च घ्या.

एच.२६५ची जागा शेवटी, डिलिव्हरीला. तिथेही आधी एलईडीवाल्या दादांना विचारा, त्यांच्या प्लेअरवर तो अडखळत तर नाही ना. जुन्या प्लेअरवर एच.२६४च द्यावा लागतो. यूट्यूब तर २४ ते ३० फ्रेमच्या फोर-केला एच.२६४ मध्ये ३५ ते ४५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) बिटरेट सुचवतं आणि पुढे स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतंच. वॉलची पिक्सेलसंख्याही त्याच फोनवर विचारून घ्या, बऱ्याच वॉल फोर-के नसतातच.